राजकोटच्या डॉक्टरीणबाई : रखमाबाई

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादक मंडळाचा निरोप दरवर्षी आषाढ संपता संपता येतो. मी रेल्वेत पी-वे खात्यातला माणूस. डिप्लोमा करून नोकरीला लागलो आणि रूळ, स्लीपर, खडी यांच्यात वीस-बावीस वर्षे कशी गेली ते कळले नाही. त्यामुळे आजवर कधी प्रवासवर्णन, कधी रेल्वेतल्या गमतीजमती असेच काहीतरी देत आलो. यंदा मात्र एका व्यक्तीबद्दल लिहावे असे ठरवले. ती व्यक्ती मराठी, मुंबईत जन्मलेली, पण आयुष्याची उमेदीची सगळी वर्षे गुजरातेत घालवलेली. आधी सुरतेत आणि नंतर आपल्या या राजकोटात. म्हणजे एका अर्थी आपल्या मंडळाच्या फार आधीची सभासदच म्हणा ना! डॉ. रखमाबाई त्यांचे नाव.

२०१६ साली त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला, त्यामुळे नाव बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण बहुतेकांना त्या ‘पहिल्या डॉक्टर बाई’ एवढ्याच माहीत असतात. ते तितकेसे बरोबरही नाही. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, पण परत आल्यावर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, गेल्या. कलकत्त्याला कादंबिनी गांगुली रखमाबाईंच्या आधीपासून वैद्यकी करत होत्या. तेव्हा रखमाबाई अगदी पहिल्या काही जणींपैकी एक, असे म्हणावे. मला मात्र त्यांच्या डॉक्टरकीपेक्षा त्याआधीची गोष्ट मोठी वाटते. लहानपणी लावून दिलेले लग्न मी मानत नाही, असे या बाईंनी हायकोर्टात उभे राहून सांगितले. तेही १८८५ च्या सुमारास!

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई, जात सुतार. यात आईचे वय बघण्यासारखे आहे. तिचे लग्न चौदा-पंधराव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी रखमा झाली आणि सतराव्या वर्षी नवरा वारला. आज ज्या वयात आपल्या मुली बारावीच्या क्लासला जातात, त्या वयात ही बाई संसार, बाळंतपण आणि वैधव्य एवढे सगळे बघून बसली होती. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती, म्हणून काही वर्षांनी जयंतीबाईंचे दुसरे लग्न झाले. लग्नाआधी नवऱ्याकडून आलेली मिळकत त्यांनी मुलीच्या नावावर करून दिली. ही मिळकत पुढे कथेत येणार आहे.

दुसरे पती डॉ. सखाराम अर्जुन. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे नामांकित डॉक्टर, शिवाय वनस्पतिशास्त्राचे जाणकार. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत जे दोनच हिंदी गृहस्थ होते त्यातले ते एक. सावत्र बाप म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वेगळेच चित्र येते. इथे उलटे झाले. पोरीच्या मागे जो माणूस भिंतीसारखा उभा राहिला तो हाच.

तरीसुद्धा लग्न अकराव्या वर्षीच झाले! घर सुधारकी विचारांचे, पण चालीरीतीपुढे त्यांचेही काही चालले नाही. नवरा दादाजी भिकाजी, एकोणीस वर्षांचा, डॉक्टरांच्याच नात्यातला, परिस्थितीने गरीब. ठरले असे की त्याने घरजावई म्हणून राहायचे, शिकायचे आणि माणसात यायचे. दादाजींना ते काही जमले नाही. शाळा सुटली, ते आपल्या मामाकडे जाऊन राहिले, प्रकृती बिघडली, कर्ज झाले. एकोणिसाव्या वर्षी पुन्हा शाळेच्या बाकावर बसवले म्हणजे कोणाचे लक्ष लागेल, असेही मनात येते. पण तो प्रश्न निराळा.

इकडे लग्नानंतर सहा-सात महिन्यांत रखमा वयात आली. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलगी वयात आली की गर्भाधानाचा विधी करून तिला नवऱ्याकडे पाठवायचे. याला कोणी अत्याचार म्हणत नसे, हा मंगल संस्कार समजला जाई. डॉ. सखाराम अर्जुन यांनी त्याला साफ नकार दिला. कोवळ्या वयातल्या बाळंतपणात काय होते हे त्या माणसाने डॉक्टर म्हणून पाहिलेले असणार. मुलगी घरीच राहिली. मिशनच्या वाचनालयातून पुस्तके यायची, ती वाचून वाचून इंग्रजी शिकली. आईबरोबर प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागली. असे होता होता ती एकोणीस वर्षांची झाली. आता तिला आपले म्हणून काही मत होते, आणि दादाजींच्या घरी जायचे नाही हे ते मत होते.

मार्च १८८४ मध्ये दादाजींच्या वकिलांची नोटीस आली: बायको पाठवा. रखमाबाईंनी नकार कळवला आणि मुंबई हायकोर्टात दावा उभा राहिला. कायद्याच्या भाषेत हा वैवाहिक हक्क परत मिळवण्याचा दावा. नवऱ्यापासून दूर राहणाऱ्या बायकोला कोर्टाने हुकूम देऊन परत पाठवायचे, आणि हुकूम मोडला तर तुरुंग. ही तरतूद आपल्या कुठल्या शास्त्रातली नव्हे, ती इंग्लंडच्या कायद्यातून इकडे आलेली. रखमाबाईंच्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. नवऱ्याला पोसण्याची ऐपत नाही, त्याची प्रकृती ठीक नाही, तो ज्या घरात राहतो ते घर बरे नाही, असे मुद्दे त्यांच्या बाजूने मांडले गेले. मिळकतीवर डोळा आहे हाही संशय होताच. पण खरा मुद्दा याहून साधा होता. हे लग्न झाले तेव्हा मला काही समजत नव्हते आणि मला कोणी विचारलेही नव्हते, मग ते माझ्यावर बंधनकारक कसे?

निकालाच्या आधीच, एप्रिल १८८५ मध्ये, डॉ. सखाराम अर्जुन वारले. आधार गेला. मग २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, ही दोघे कधी एकत्र नांदलेलीच नाहीत, तेव्हा ‘परत’ काय मिळवून द्यायचे? असहाय बालपणी जिचे लग्न लावले तिला मोठेपणी जबरदस्तीने अशा माणसाच्या हवाली करणे त्यांना क्रूरपणाचे वाटले.

त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाच्या टोपणनावाने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे छापून आली होती. ती रखमाबाईंचीच, हे पुढे उघड झाले. मग काय विचारता! हिंदुस्थानभर आणि थेट विलायतेपर्यंत या खटल्याची चर्चा झाली.

आता इथे एक गोष्ट लिहायची की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. ही गणेशोत्सवाची स्मरणिका. ज्या लोकमान्यांनी १८९३ च्या सुमारास या उत्सवाला सार्वजनिक रूप देऊन तो घराघरांतून चौकात आणला, ते या खटल्यात रखमाबाईंच्या विरुद्ध बाजूला होते. त्यांचे ‘मराठा’ पत्रही. हिंदूंच्या घरातल्या गोष्टीत परक्या सरकारचे कोर्ट हात घालू लागले तर ते कुठे जाऊन थांबेल, हा त्यांचा आक्षेप होता. आणि मुली इंग्रजी शिकल्या की असे होते, असा सूरही होता. त्यांचेच मित्र गोपाळ गणेश आगरकर रखमाबाईंच्या बाजूने होते. एकाच छापखान्यातली ही दोन माणसे. सामाजिक सुधारणेवरून त्यांचे मतभेद वाढतच गेले, आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. टिळकांच्या बाबतीत एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बालविवाह चांगला, असे त्यांचे म्हणणे नव्हते. १८९० साली मुलींची लग्ने सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करू नयेत, हे सुधारकांनी आधी स्वतःवर बंधन म्हणून घ्यावे, अशी सूचना त्यांनीच मांडली होती. कायदा नको, समाजाने आपण होऊन सुधारावे, हा त्यांचा मार्ग. उत्सवात आरती म्हणताना लोकमान्यांबद्दल माझ्या मनात जो आदर असतो तो यामुळे कमी होत नाही. पण या एका बाबतीत ते चुकले, असे मला वाटते. समाज आपण होऊन सुधारेपर्यंत अकरा वर्षांच्या पोरीने थांबायचे कुठे? तिचे दिवस तर भराभर जात असतात.

दादाजींनी अपील केले. अपील कोर्टाने निकाल फिरवून खटला पुन्हा चालवायला पाठवला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की रखमाबाईंनी नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे. रखमाबाईंनी तुरुंग पत्करतो असे सांगितले. बावीस वर्षांच्या मुलीने, वडील गेलेले, ज्ञातीतले लोक उलटलेले अशा स्थितीत हे म्हणावे, याची आज कल्पनाही करवत नाही. बेहरामजी मलबारी वगैरे मंडळींनी त्यांच्या मदतीसाठी समिती काढली, पैसे उभे केले.

अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते की राणी व्हिक्टोरियाने मध्ये पडून हे लग्नच रद्द केले. वाचायला छान वाटते, पण प्रकरण मिटले ते तडजोडीने. जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. दादाजींनी १८८९ मध्ये दुसरे लग्न केले. रखमाबाईंना मात्र ती मोकळीक नव्हती. हुकूम बजावला गेला नाही इतकेच, लग्न कागदोपत्री तसेच राहिले.

खटला मिटला, पण चर्चा मिटली नाही. १८९० मध्ये कलकत्त्याला फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पस्तिशीच्या नवऱ्याच्या बळजबरीने मेली. त्या माणसावर बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही, कारण तो नवरा होता आणि १८६० च्या कायद्यात संमतीचे वय दहा होते. हलक्या कलमाखाली एक वर्षाची शिक्षा झाली. मग १८९१ मध्ये मलबारी वगैरेंच्या खटपटीला यश येऊन संमतीवयाचा कायदा झाला आणि दहाचे बारा झाले. फक्त बारा! आणि त्या बारासाठी देशभर केवढा गदारोळ. रखमाबाईंच्या खटल्याने ही जमीन नांगरून ठेवली नसती तर तेही झाले असते की नाही, कोण जाणे.

तोवर रखमाबाई इंग्लंडला पोचल्या होत्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलातल्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकीकडे वळवले. १८८९ मध्ये त्या निघाल्या, लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. ज्यांच्या घरी पुरुष डॉक्टरला बाईची नाडीसुद्धा बघता येत नव्हती त्या देशाला एक डॉक्टरीण मिळाली.

१८९५ मध्ये त्या परत आल्या आणि सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या. मुंबईत राहून नाव कमावता आले असते. त्या आल्या गुजरातेत, जिथे भाषा वेगळी, माणसे अनोळखी. बदलीच्या गावी पहिले सहा महिने कसे जातात हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यात एकटी बाई, आणि नावाभोवती एवढा गाजलेला खटला. मग प्लेगची वर्षे आली, ती त्यांनी सुरतेतच काढली. वीसहून अधिक वर्षांनी त्या राजकोटच्या जनाना इस्पितळात मुख्य डॉक्टर म्हणून आल्या. त्या वेळी काठियावाडात मीटर गेज होता, मुंबईहून यायचे तर वाटेत गाडी बदलावी लागे. (रेल्वेवाल्याच्या डोक्यात आधी हेच येणार!) इथे त्या १९२९-३० पर्यंत होत्या. म्हणजे सुरत आणि राजकोट मिळून सुमारे पस्तीस वर्षे गुजरातेतल्या बायकांची बाळंतपणे आणि दुखणी त्यांनी काढली. त्यांच्यापुढे खाटेवर आलेल्या बाळंतिणींत किती जणी पंधरा-सोळाच्या असतील, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. निवृत्तीनंतर त्यांनी पडदा पद्धत बंद व्हावी म्हणून एक पुस्तिका लिहिली. इतकी वर्षे पडद्यातल्या बायका तपासल्यावर दुसरे काय लिहिणार?

मधल्या काळातली एक गोष्ट मला नेहमी अडवते. १९०४ साली दादाजी वारले. त्यानंतर रखमाबाई विधवेची पांढरी साडी नेसू लागल्या. ज्या लग्नाला त्यांनी कोर्टात नाकारले, त्याच लग्नाची विधवा! काही जण म्हणतात, रोग्यांचा विश्वास राहावा म्हणून. काही म्हणतात, परंपरेचा पगडा. मला वाटते, पस्तीस-चाळीस वर्षांची प्रतिष्ठित डॉक्टर झाली तरी अकराव्या वर्षी गळ्यात बांधलेली गोष्ट सुटत नाही. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

हे सगळे जुने झाले, असे कोणी म्हणेल. थोडे आजचे सांगतो. मागे आमच्या सेक्शनमधल्या एका गँगमनने (आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात, पण तोंडात तेच बसले आहे) अखात्रीजेला रजा मागितली. मोठ्या भावाच्या मुलीचे लग्न आहे, त्याच मांडवात माझ्याही मुलीचे उरकतो, म्हणाला. एका मांडवात दोन लग्ने म्हणजे जेवणावळीचा खर्च एकच. मुलगी सोळाची. माणूस वाईट नव्हे, पावसाळ्यात रात्र रात्र रुळावर गस्त घालणारा. कायदा सांगितला तर तो हसला. मग एका रविवारी मी आणि सौ. त्याच्या घरी गेलो. चहा घेऊन आली ती तीच मुलगी. सौ. ने तिला सरळ विचारले, तुला काय वाटते ग? ती आईकडे बघायला लागली. त्या घरात हा प्रश्न तिला तोवर कोणी विचारलाच नव्हता. बरीच बोलाचाली झाली, त्याचे दोन वडीलधारे नातेवाईकही मध्ये पडले. त्या मांडवात शेवटी एकच लग्न लागले. मुलगी पुढे बारावी झाली.

आकडे बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण देशात २३.३ टक्के होते. गुजरातेत २१.८ आणि महाराष्ट्रात २१.९. तेव्हा ‘इकडच्या लोकांत असे चालते’ हे वाक्य आपण मराठी माणसांनी जपून वापरावे!

कायदा मात्र हळूहळू पुढे आला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे वय चौदा केले, १९४९ मध्ये पंधरा झाले, १९७८ मध्ये अठरा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आला. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की बायको अठराच्या आतली असेल तर नवरा असणे हा बचाव होऊ शकत नाही. म्हणजे फुलमणीच्या नवऱ्याला मिळालेली ती सूट आता गेली. आणि २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा, जो १ नोव्हेंबर २००७ पासून लागू झाला, त्यात एक कलम असे आहे की ज्या मुलाचे किंवा मुलीचे लग्न लहानपणी लावले असेल ते मोठेपणी कोर्टात जाऊन ते रद्द करून घेऊ शकतात. मुलीला त्यासाठी विसाव्या वर्षापर्यंत मुदत आहे. रखमाबाई १८८५ मध्ये मागत होत्या ते जवळजवळ हेच. नोटीस आली तेव्हा त्या एकोणीसच्या होत्या, म्हणजे या मुदतीत बसल्या असत्या.

प्लॅटफॉर्मवर १०९८ या नंबरचे बोर्ड आपण रोज बघतो. हरवलेल्या, पळून आलेल्या मुलांसाठी तो आहे हे माहीत असते. पण कुठे बालविवाह ठरल्याचे कळले तर त्याच नंबरवर फुकट कळवता येते, हे आमच्या स्टाफमध्येही अनेकांना ठाऊक नव्हते. स्टेशनावर एकटी सापडलेली मुले आरपीएफवाले बाल कल्याण समितीकडे सोपवतात. त्या मोहिमेला ‘ऑपरेशन नन्हे फरिश्ते’ असे नाव आहे. घरचे लग्न टाळायला निघालेली एखादी मुलगीही त्यात असते. १८८७ च्या रखमाबाईंना जायला असे कुठले ठिकाण नव्हते, होते ते फक्त नवऱ्याचे घर किंवा तुरुंग. हुकूम मोडणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकण्याची ती तरतूद १९२३ मध्ये गेली, तेव्हा रखमाबाई इथे, राजकोटला होत्या. बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली असेलच.

राजकोट सोडल्यावर त्या मुंबईला गेल्या आणि पुढे पंचवीस वर्षे तिथेच राहिल्या. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा आला. हिंदू स्त्रीला देशभर घटस्फोटाचा हक्क त्यात पहिल्यांदा मिळाला. त्याच कायद्यात नववे कलम म्हणून तो जुना, नांदायला पाठवण्याचा दावाही ठेवला गेला. तुरुंगाशिवाय, पण दावा तोच. चारच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वद वर्षांच्या रखमाबाई गेल्या.